‘धोटा’ : अकरा मिनिटांच्या भयपटाच्या नोंदी

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

वही आजपासून सुरू. काम : एक लघुपट, भयपट, दहा-अकरा मिनिटांचा. नाव ठरलंय, ‘धोटा’, म्हणजे मागावर आडवा धागा घेऊन या टोकाहून त्या टोकाला धावतो तो. शिकवणारं कोणी नाही. म्हणून जे करीन ते इथं लिहीन, म्हणजे तीच चूक दुसऱ्यांदा करताना निदान हात अडखळेल.

हाताशी काय आहे : माझा चार वर्षं जुना फोन, मावसभावाचा लॅपटॉप आणि दिवाळीच्या बोनसमधून बाजूला ठेवलेले बारा हजार रुपये. मी सुताच्या पेढीवर हिशेब लिहिते, त्यामुळे वेळ म्हणजे रविवार आणि रात्री. आठवीत असताना वाचनालयातून आणलेली नारायण धारपांची पुस्तकं मी चादरीत डोकं घालून वाचायची आणि मग पाणी प्यायलाही उठायची नाही. तेव्हापासून मनात आहे की असा काटा आपणही कुणाच्या तरी अंगावर आणायचा.

जागा अण्णांचा कारखाना. सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागाच्या शेडला कारखानाच म्हणतात. आमच्या घराची मागची भिंत आणि त्यांची भिंत एकच. आठ माग होते, चार भंगारात गेले, चार टॉवेलवर चालू आहेत. गेलेल्या चार मागांच्या जागी फरशीवर तेलाचे काळे चौकोन उरलेत. माझ्या आप्पांनी तिथं पस्तीस वर्षं माग चालवला.

सेट परवडत नसेल तर जी जागा आहे तिचीच गोष्ट करावी, हे मी दोन ठिकाणांहून उचललंय. रामसे बंधूंनी १९७२ साली आपला पहिला गाजलेला भयपट महाबळेश्वरला सगळं कुटुंब नेऊन केला. कॅमेरा, आवाज, दिग्दर्शन भावाभावांत वाटून घेतलं, स्वयंपाक घरातल्या बायकांनी सांभाळला. आणि अमेरिकेत ओरेन पेली नावाच्या माणसाने स्वतःच्या राहत्या घरात सात दिवसांत, पंधरा हजार डॉलरच्या आसपास खर्चात चित्रपट उभा केला. त्याला घर होतं, मला कारखाना आहे.

आणखी एक, विसरेन म्हणून लिहून ठेवते. काल रात्री अडीचला आई दचकून उठून बसली. काय झालं विचारलं तर म्हणाली, “माग थांबला.” वीज गेली होती. चार मागांची खटखट भिंतीपलीकडं रात्रभर चालते, त्यात ती गाढ झोपते. आवाज बंद पडला की जाग येते.

१७ नोव्हेंबर

आवाजाची पहिली चाचणी. पूर्ण वाया. बुधवारच्या मतदानामुळे प्रचाराच्या रिक्षा गल्लीबोळांतून फिरत होत्या, प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये कुठल्या ना कुठल्या उमेदवाराचं गाणं. उद्या संध्याकाळी प्रचार संपतोय, तोवर आवाजाचं काम बंद.

चित्राची चाचणी मात्र उपयोगी पडली. कारखान्यातल्या ट्यूबलाइटखाली फोनवर आडव्या काळ्या पट्ट्या सरकताना दिसत होत्या. मला वाटलं फोन बिघडला. कारण निघालं विजेत. आपल्याकडं वीज ५० हर्ट्झची, म्हणजे दिवा सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतो. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. मी सिनेमासारखं दिसावं म्हणून सेकंदाला २४ फ्रेम ठेवल्या होत्या आणि शटर (एका फ्रेमला प्रकाश आत येतो तो वेळ) १/४८. ते बदलून २५ फ्रेम आणि शटर १/५० केलं, पट्ट्या गेल्या. ‘ओपन कॅमेरा’ नावाचं फुकट ॲप टाकलंय, त्यात शटर, आयएसओ (सेन्सर प्रकाशाला किती संवेदनशील ते), फोकस सगळं हातानं ठरवता येतं. फोनच्या मूळ कॅमेऱ्यावर सोडलं तर दिवा घालवल्याबरोबर तो अंधार उजळवत बसतो, आणि अंधारच तर मला हवा आहे. एक्स्पोजर कुलूप लावल्यासारखं पक्कं करायचं.

२४ नोव्हेंबर

गोष्ट कागदावर आली. रात्रपाळीचा एक तरुण विणकर, एकटा. कारखान्यात एकच माग चालू. वीज जाते, माग थांबतो. शांतता. मग मागाचा आवाज पुन्हा सुरू होतो, पण त्या तेलाच्या काळ्या चौकोनाकडून, जिथं माग नाहीच.

पहिल्या मसुद्यात पांढऱ्या साडीतली, केस सोडलेली बाई होती. मैत्रिणीनं वाचून विचारलं, “दर वेळी बाईच का ग?” उत्तर नव्हतं माझ्याकडं. आपल्याकडं मुंजा आहे, वेताळ आहे, झोटिंग आहे. पण पडद्यावर दिसते ती हडळच. नवरा गेलेली, बाळंतपणात मेलेली, म्हणजे जिच्यावर जगताना अन्याय झाला तिलाच मेल्यावर घाबरायचं. बाई काढून टाकली. मांत्रिकही काढला. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली झाला, त्याआधी डॉ. दाभोलकरांचा जीव गेला होता; माझ्या चित्रपटात लिंबू-मिरचीवाला येऊन सगळं सोडवतोय हे मला चालणार नाही. भीती राहू दे, तिचा धंदा नको.

मग भूत कोण? अजून ठरत नाही. मुखवटा करून बघू.

८ डिसेंबर

मुखवट्याचा नाद सोडला. कागदाचा लगदा, डिंक, वर पांढरा रंग, आठवडा गेला. फोनवर तो कागदाचा लगदाच दिसतो.

आज रक्त. बीट उकळलं, तर जांभळट झालं आणि तासाभरात तपकिरी. कुंकवाचं पाणी नारिंगी. शेवटी बेकरीच्या सामानाच्या दुकानातून ग्लुकोजचा पाक आणला, त्यात खायचा लाल रंग, चिमूटभर कोको आणि निळ्याचा एक थेंब. निळा थेंब महत्त्वाचा, त्याशिवाय ते सरबत वाटतं. (जॉर्ज रोमेरोनं १९६८ मध्ये चॉकलेटचं सिरप वापरलं होतं, चित्रपट कृष्णधवल असल्यानं भागलं. तसं असतं तर मी काकवीच ओतली असती.) रंग छान जमला. वाटी दहा मिनिटं खिडकीत ठेवली आणि मुंग्यांनी काळी झाली. कारखान्यात हा पाक सांडला तर अण्णांचा माल खराब होईल, टॉवेलचा एक डाग म्हणजे अख्खा नग सेकंडमध्ये, म्हणजे दुय्यम मालात.

हे बोलत बसलो होतो तेव्हा जोडारी काका (माग दुरुस्त करणारे, आप्पांचे जुने सोबती) कांडी (धोट्यात बसते ती आडव्या सुताची गुंडाळी) बदलत होते. पांढरी कांडी संपली, त्यांनी चुकून लाल सुताची घातली. माग चालू. पांढऱ्या टॉवेलवर लाल रेघ उमटली, एका फटक्याला एक धागा, आणि ती रुंद होत गेली. काकांनी जीभ चावून हँडल ओढलं.

मी तिथंच सांगितलं, “काका, असंच हवंय मला. परत करता का?”

रक्ताची वाटी आईनं मोरीत ओतली.

१५ डिसेंबर

प्रकाशावर दिवस गेला. नऊ वॅटचे चार एलईडी बल्ब, दोन होल्डर, बटर पेपर, काळा कार्डशीट, थर्माकोलचा एक ताव : ६४० रुपये. फोनचा सेन्सर नखाएवढा. आयएसओ ८०० च्या वर नेला की अंधारात दाणे वळवळतात. म्हणून आयएसओ ४०० वर ठेवायचा आणि दिवा जवळ आणायचा. अंतर निम्मं केलं तर प्रकाश चौपट होतो, हे शाळेत पाठ केलं होतं, समजलं आज.

आणि अंधार म्हणजे दिवा नसणं नव्हे. दिवा घालवून काढलेलं दृश्य नुसतं काळं येतं, बघणाऱ्याला वाटतं फोन बंद पडला. माणसाच्या मागून एक दिवा, बटर पेपरमधून, फक्त खांदा आणि कानाची कड उजळेल इतका, तोंड काळं. मग डोळा त्या काळ्यात शोधत राहतो. खिडक्यांना गोणपाट लावून दुपारी दोनला ‘रात्र’ काढली, फोनवर पक्की रात्र वाटते. झोपेचे तास वाचतील.

२२ डिसेंबर

शूटिंगचा पहिला दिवस. विणकर मावसभाऊ. दहा तासांत सात शॉट्स.

सुरुवातीला जोडारी काकांनी आम्हाला उभं करून एक नियम सांगितला. माग चालू असताना धोट्याच्या रेषेत उभं राहायचं नाही. समोर थांबा, बाजूला थांबू नका. धोटा या टोकाहून त्या टोकाला मिनिटाला शंभराहून जास्त वेळा फेकला जातो, टोकाला लोखंडाची टोपी असते, आणि धागा अडकला की तो उडतो. आप्पांच्या भुवईवरची खूण त्याचीच. मी लहानपणापासून ती बघत आलेय, पण त्या मागासमोर उभं राहून ऐकताना पोटात गोळा आला. मैत्रिणीची ओढणी काढून ठेवली, माझी वेणी आत खोचली. कॅमेरा बाजूला लावायचा होता तो शॉट रद्द केला.

सॅम रायमीच्या १९८१ च्या भयपटात कॅमेरा लाकडी फळीच्या मधोमध बसवून दोघे दोन्ही टोकं धरून जंगलातून पळत असत, असं वाचलंय. आम्ही बीम (उभ्या सुताचा रूळ) उचलायची फळी घेतली, फोन रबरांनी बांधला आणि मागांमधल्या बोळातून दोघी वाकून चालत गेलो. दिसतंय ते भन्नाट. जमिनीपासून वीतभर उंचीवरून काहीतरी सरपटत विणकराच्या पायांकडं येतंय. फोनमधलं स्थिरीकरण बंद ठेवावं लागलं, नाहीतर कडा जेलीसारख्या हलतात.

२३ डिसेंबर

गल्लीत बोभाटा. काल संध्याकाळी गोणपाटाच्या फटीतून दिव्याबरोबर हलणारी सावली कुणीतरी पाहिली. सकाळी शेजारच्या आक्का दारात : “काय ग, रातच्याला कारखान्यात काय करायलीस? पोरं घाबरून ताप काढून बसलीत.” विडीचं सूप हातातच होतं, म्हणजे काम टाकून आल्या होत्या.

चूक माझी. शूटिंग करतोय हे कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या घरी जाऊन त्या दोन पोरांना फोनवर दाखवलं की सावली कशी केली. मग त्यांनाच थर्माकोल धरायला बोलावलं. यापुढं शूटिंगच्या आदल्या दिवशी कोपऱ्यावरच्या मारुतीच्या फळ्यावर खडूनं लिहून ठेवायचं.

२९ डिसेंबर

संकलन सुरू केलं आणि दोन खड्ड्यांत पडले. दोन्ही लिहिते, सविस्तर.

पहिला. डाविंची रिझॉल्व्ह फुकट मिळतं, काम उत्तम करतं. पण प्रकल्प मुळात २४ फ्रेमवर उघडतो. माझी पहिली क्लिप टाकली तेव्हा त्यानं विचारलं होतं, प्रकल्प क्लिपप्रमाणे २५ करू का? मी न वाचता ‘नको’ दाबलं. एकदा टाइमलाइनवर क्लिप बसली की तो आकडा बदलत नाही. धोटा मध्येच अडखळल्यासारखा दिसत होता आणि मी दोन रात्री लॅपटॉपला दोष देत होते. नवा प्रकल्प उघडून, आधी २५ करून, सगळं पुन्हा लावलं.

दुसरा. आवाज वेगळा घेतला होता, नऊशे रुपयांच्या कॉलरमाइकवर. सहा मिनिटांच्या लांब टेकमध्ये सुरुवातीला (आवाज-चित्र जुळवायला वाजवलेली) टाळी जुळते आणि शेवटी हँडलचा आवाज हात खाली येण्याआधीच ऐकू येतो. फोन २५ फ्रेम म्हणतो, पण प्रत्यक्षात कधी थोड्या कमी, कधी थोड्या जास्त काढतो. हँडब्रेक नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमधून प्रत्येक क्लिप ‘स्थिर फ्रेम दर’ करून घेतली, रात्रभर लॅपटॉप चालू. सकाळी सगळं जुळलं. आता कार्डवरून उतरवल्याबरोबर आधी हे, मग बाकीचं.

५ जानेवारी २०२५

अण्णांनी बोलावून सांगितलं. उरलेले चारही माग जाणार. भंगारवाल्याशी बोलणं झालंय, गड्ड्याची (सिद्धेश्वराची, संक्रांतीची) जत्रा झाली की महिनाअखेर गाडी लागेल. ऑर्डर नाही, कामगार मिळत नाही, जुन्या मागाला सुटे भाग मिळत नाहीत. ते चहा ढवळत बोलत होते आणि मधेच म्हणाले, “तुझं ते काय राहिलंय ते उरकून घे, पोरी.”

माझे सोळा शॉट्स राहिलेत. आप्पांना कसं सांगायचं हे अण्णांनी माझ्यावरच टाकलंय.

१५ जानेवारी

परवा सिद्धेश्वराच्या यात्रेतला अक्षता सोहळा झाला. मावसभाऊ नंदीध्वजाच्या मिरवणुकीत, आठवडाभर त्याला विचारायचंच नाही असं ठरलेलं. आज संध्याकाळी सिद्धेश्वराचं दर्शन घेऊन मैत्रिणीबरोबर गड्ड्यावर गेले, मुद्दाम भुताच्या बंगल्यात. तीन वेळा तिकीट काढलं. पहिल्यांदा स्वतःसाठी, पुढं दोनदा लोकांकडं बघायला.

रबरी हात अंगावर पडतो तिथं सगळे किंचाळतात आणि लगेच हसतात. किंचाळी आणि हसू यांच्यात अर्धा श्वास. पण मधे एक वळण आहे, तिथं काहीच ठेवलेलं नाही, बहुधा वायर तुटलीय. त्या वळणावर तिन्ही वेळा बोलणं थांबलं. लोक एकमेकांचा हात धरतात. एक बाई माझ्या खांद्याला धरून चालली, अनोळखी.

व्हॅल लूटन या निर्मात्याच्या १९४२ च्या चित्रपटातला बसचा प्रसंग भयपट शिकणारे सगळे सांगतात : बाई रस्त्यानं चाललीय, मागं पावलं, मग पावलं थांबतात, आणि अचानक फिस्स करून बस येऊन उभी राहते. सगळे त्या बसबद्दल बोलतात. मी घरी येऊन पुन्हा पाहिला. मला बसच्या आधीची पावलं थांबतात तिथं जास्त भीती वाटली.

माझ्या पटकथेत वीज गेल्यावरची शांतता दोन सेकंदांची आहे. मग मी तिच्यावर धाडकन पत्रा आपटलाय. १० नोव्हेंबरची नोंद उघडून वाचली. आईनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि मी दोन महिने मुखवटे, पाक, पत्रे करत बसले. भूत नको आहे. माग थांबतो, तेच भूत.

शांतता बारा सेकंद करायची. पत्रा काढला.

१९ जानेवारी

काल दुपारपासून आज पहाटेपर्यंत. सोळाच्या सोळा शॉट्स झाले.

लाल कांडीचा शॉट जोडारी काकांनी स्वतःच्या हातानं केला, कॅमेऱ्यात फक्त त्यांची बोटं. पन्नास वर्षांची बोटं. मावसभावाच्या बोटांना ते जमणारच नव्हतं. रेघ पांढऱ्यावर चढत गेली तशी कुणी बोललं नाही.

काळ्या चौकोनाचा शॉट शेवटी. फोन फरशीवर, एक दिवा मागून, तेल चमकतंय आणि बाकी काही नाही. तीन मिनिटं तसाच चालू ठेवला.

प्रत्येक जागेचा रिकामा आवाज तीस-तीस सेकंद घेतला : माग बंद, माणसं गप्प. याला ‘रूम टोन’ म्हणतात. संवादांच्या मधे तो भरला नाही तर आवाज कापल्यासारखा तुटतो. चालू मागाचाही दहा मिनिटं घेतला, एकाचा, दोघांचा, चौघांचा. परत मिळणार नाही.

१ फेब्रुवारी

काल माग गेले. मी पेढीवर होते. घरी आले तेव्हा आप्पा ओट्यावर बसले होते, तोंड भिंतीकडं.

१६ फेब्रुवारी

आवाजाचे दोन रविवार. यात मला सगळ्यात जास्त शिकायला मिळालं.

संवाद मागाच्या आवाजात घेताच आले नव्हते, त्यामुळे सगळे घरी पुन्हा बोलून घेतले. खोलीत आवाज घुमत होता. दोरीवर आडव्या-उभ्या सात चादरी टाकल्या, सोलापुरी, जाड, दोन घड्या करून, आणि त्या तंबूत मावसभावाला बसवलं. घुमणं गेलं. चादरीनं वरच्या पट्टीचा आवाज शोषला जातो. खालचा, गाडीच्या इंजिनासारखा, तसाच आत येतो. म्हणून रात्री अकरानंतरच रेकॉर्डिंग.

हाडाचा आवाज एकच आहे, विणकर अंधारात पाय मागं घेतो आणि घोटा मोडल्यासारखा वाजतो. परदेशात सेलरीची देठं मोडतात म्हणे. मी शेवग्याची शेंग मोडून बघितली, ओली वाटली. पापड फार हलका. मग आईनं डब्यातली कडक भाकरी दिली, महिनाभराची. माइकपासून चार बोटांवर एकाच झटक्यात मोडली. आईनं कान झाकले.

आता एक वाया गेलेला प्रयत्न, पण सोडवत नाही. विक टँडी नावाच्या ब्रिटिश अभियंत्याचा १९९८ चा लेख आहे. प्रयोगशाळेत त्याला एकटं असताना घाम फुटायचा, डोळ्याच्या कोपऱ्यात करडी आकृती दिसायची. एक दिवस शिकंज्यात धरलेलं तलवारीचं पातं आपोआप थरथरताना त्यानं पाहिलं. मूळ होतं नव्या पंख्यात : १९ हर्ट्झच्या आसपासची लाट, माणसाच्या कानाला ऐकू न येणारी. तिनं माणसाला खरंच भीती वाटते का, यावर सगळ्यांचं एकमत नाही. तरी मी ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये १९ हर्ट्झ तयार करून शांततेखाली घातला. काही होत नाही, होणारही नाही. फोनच्या स्पीकरमधून दीडशे-दोनशे हर्ट्झच्या खालचं धड बाहेरच पडत नाही आणि लोक बघणार फोनवरच. काढून टाकला. त्याऐवजी मागाच्या आवाजातला २०० हर्ट्झचा घुमार वेगळा करून पहिली सहा मिनिटं सतत खाली ठेवला, इतका हळू की तो आहे हे कळू नये. वीज जाते तेव्हा तोही तोडला. कान एकदम मोकळे होतात, जसं प्रवासानंतर एसटीचं इंजिन बंद झालं की होतात. शांततेच्या आधी काहीतरी चालू असावं लागतं.

२ मार्च

अण्णांच्या रिकाम्या कारखान्यात दाखवला. मैत्रिणीच्या क्लासमधला प्रोजेक्टर, भिंतीवर पांढरी चादर, फरशीवर सतरंज्या, गल्लीतली वीस-बावीस माणसं.

बारा सेकंदांच्या शांततेत काय झालं ते मी बाजूला उभी राहून बघितलं. आमच्या वयाची पोरं वाट बघत होती, आता काय उडी मारतंय. पण बायका, ज्यांची घरं भिंतीला लागून आहेत, त्या ताठ झाल्या. आक्कांनी मागं वळून दाराकडं पाहिलं. एका पोरानं आईला विचारलं, “लाईट गेली?” आणि मग काळ्या चौकोनातून खटखट सुरू झाली तेव्हा कोणीतरी “अगं आई ग” म्हणालं, हळू. त्यानंतर हसू आलं नाही.

आप्पा पुढं बसले होते. संपल्यावर सगळे बोलत होते, ते गप्प. घरी आल्यावर म्हणाले, “चांगलं केलंस. पण माग कुठं थांबला ते मला कळलं नाही.”

पस्तीस वर्षं त्या आवाजात काढल्यावर त्यांना डाव्या कानानं जवळजवळ काहीच ऐकू येत नाही, उजव्यानं मोठ्यानं बोललेलं तेवढं. हे मला माहीत आहे. रोज घरात मी ओरडून बोलते. आणि सगळा चित्रपट मी शांततेवर उभा केला, ज्या माणसाच्या कारखान्यात उभा केला त्याला ती ऐकूच येत नाही.

मी जवळ जाऊन विचारलं, “मग तुम्हाला माग थांबलेला कळायचा कसा, आप्पा?”

त्यांनी पाय पुढं केले. “ह्यातून. चप्पल काढून उभं राहायचो मी. फरशी बोलायची.”

रात्री झोप नाही. टँडीचं ते थरथरणारं पातं सारखं डोळ्यांसमोर येत होतं. त्यानंही ती लाट ऐकली नव्हती, पाहिली होती.

९ मार्च

शांततेच्या जागी एक शॉट वाढवायचा, दिसणारा. अण्णांकडं माग नाहीत. जोडारी काकांनी तीन गल्ल्या सोडून एका चालू कारखान्यात तासभर मागून घेतला, मालकांना चहा आणि बालूशाही. फळ्यावर लिहिलं होतं.

आधी मागाच्या चौकटीवर स्टीलचा पेला ठेवला, काठोकाठ पाणी. वरून एक दिवा. प्रत्येक फटक्याला पाण्यावर बारीक वर्तुळं उठतात. मी हात वर केला की काका हँडल ओढणार. पाणी निवळायला दीड-दोन सेकंद लागतात. पहिल्या टेकला फोकस सुटला, दुसऱ्याला मधे कामगाराची सावली आली, तिसरा आणि चौथा चांगले. ठेवले.

आप्पा बरोबर आले होते, नुसते बघायला. पाचव्या टेकची तयारी चालली होती तेव्हा बघितलं, ते चप्पल काढून मागाशेजारी उभे होते, समोरच्या बाजूला, नियमाप्रमाणे. मी पेला तसाच सोडला आणि फोन खाली फरशीवर नेला. फक्त पाय. भेगा, अंगठ्याचं काळं पडलेलं नख, बोटांना चिकटलेला कापसाचा पांढरा तंतू थरथरतोय. कोणाला काही सांगितलं नाही, फक्त हात वर केला.

काकांनी हँडल ओढलं. तंतू थांबला. आप्पांची बोटं आत वळली, फरशी धरून ठेवल्यासारखी, आणि तशीच राहिली.

टेक पाच, पंचवीस सेकंद. बारा वापरायचे.